आकड्यांशी ओळख : संख्याशास्त्राचा ऑनलाइन कोर्स करताना

इंजिनिअरिंगच्या मुलांना गणिताचे काही वाटत नाही असा घरच्यांचा आणि गावाकडच्या मंडळींचा समज असतो. एम-३ची केटी घेऊन फिरणाऱ्यांना खरे काय ते ठाऊक आहे! पण संख्याशास्त्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे इंटिग्रेशनसारखे कोणी घाबरत नाही. सूत्रे आटोपशीर, कॅल्क्युलेटर हाताशी, आकडे भरले की उत्तर तयार. मार्कही पडतात. मात्र ओरलला बाहेरच्या सरांनी विचारले, "स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय, सूत्र न सांगता सांगा," की भले भले छताकडे बघू लागतात.

मागच्या सत्रात ओपन इलेक्टिव्ह म्हणून मी संख्याशास्त्राचा प्राथमिक कोर्स ऑनलाइन केला. बारा आठवडे, हॉस्टेलच्या खोलीत बसून. यंदा आपल्यापैकी बरेच जण हा मार्ग घेणार आहेत. "सोपा आहे, व्हिडिओ पळवायचे आणि असाइनमेंट टाकायची" असा सल्ला कॉरिडॉरमध्ये फुकट मिळतो. त्या सल्ल्याने कदाचित क्रेडिट मिळेल, पण विषय हाती लागणार नाही. तो हाती लागावा म्हणून काय करता येईल, ते उदाहरणांसह सांगण्याचा हा प्रयत्न.

कोर्सचे स्वरूप

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल सुरू केले. आधी नुसती व्याख्याने होती, २०१४ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्रही आले. २०१७ साली केंद्र सरकारचे स्वयम् हे व्यासपीठ सुरू झाले आणि हे कोर्स तिथेही आले. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करता येतात. आपल्या विभागाने त्यातले किती आणि कोणते मान्य केले आहेत, हे मात्र नाव नोंदवण्याआधी ऑफिसात विचारून घ्या. नंतर धावपळ नको.

एनपीटीईएलच्या कोर्सची रचना साधारण अशी असते : दर आठवड्याला काही व्हिडिओ आणि एक असाइनमेंट. शेवटी केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यायची परीक्षा. असाइनमेंटला २५ मार्क आणि परीक्षेला ७५. पास होण्यासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात. म्हणजे असाइनमेंट मित्राच्या लॅपटॉपवरून उतरवून पूर्ण २५ मिळवले, तरी खरा हिशेब केंद्रावरच होतो.

आता मुख्य मुद्दा. असाइनमेंटमध्ये चार पर्याय असतात किंवा एक आकडा भरायचा असतो, आणि तो संगणक तपासतो. त्यामुळे तुम्ही आकडेमोड बरोबर केली का, एवढेच तिथे कळते. ते आकडे आले कुठून, त्यात काय सुटले आणि उत्तराचा अर्थ काय, हे तुम्हाला कोणी विचारत नाही. वर्गात एखादे सर खडू खाली ठेवून "का?" असे विचारतात. व्हिडिओ तसे विचारत नाही. म्हणून ते "का?" विचारण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. ते कसे, ते आता पाहू.

पहिला धडा : सरासरीवर विसंबू नका

समजा, रविवारी मेसच्या रांगेत सात जणांना किती मिनिटे थांबावे लागले ते लिहून काढले : ४, ५, ५, ६, ६, ७ आणि ५१. शेवटच्या बिचाऱ्याचा नंबर आला तेव्हा पोळ्या संपल्या आणि कणीक नव्याने मळावी लागली. बेरीज ८४, म्हणून सरासरी १२ मिनिटे. आता गंमत बघा. बारा मिनिटे कोणीच थांबलेले नाही! सहा जण सातच्या आत सुटले आणि एक जण पाऊण तासाहून जास्त अडकला.

हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलला, म्हणजे मध्यक अर्थात मीडियन काढला, तर तो ६ येतो. शेवटचा आकडा ५१ ऐवजी १५१ असता तरी मध्यक ६च राहिला असता. मग बरोबर काय, १२ की ६? उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. "मी गेलो तर साधारण किती थांबावे लागेल?" असे विचारायचे असेल तर ६ बरे. मेस कमिटीला "एकूण किती वेळ वाया गेला?" हे मांडायचे असेल तर सरासरी हवी, कारण सरासरीला माणसांच्या संख्येने गुणले की एकूण वेळ मिळतो. असाइनमेंटमध्ये "मीन काढा" असे लिहिलेले असते. आयुष्यात काय काढायचे ते कोणी लिहून देत नाही.

दुसरा धडा : आधी आलेख, मग सूत्र

फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली चार छोटे तक्ते प्रसिद्ध केले. प्रत्येकात क्ष आणि य च्या ११ जोड्या. चारही तक्त्यांत क्ष ची सरासरी ९, य ची सरासरी ७.५, सहसंबंध म्हणजे कोरिलेशन सुमारे ०.८२ आणि सर्वांत जवळून जाणारी रेषा एकच : य = ३ + ०.५ क्ष. कॅल्क्युलेटरच्या दृष्टीने चारही सारखेच.

आलेख काढला की चौघांची चार रूपे दिसतात. पहिल्यात बिंदू रेषेच्या आजूबाजूला नीट विखुरलेले आहेत. दुसऱ्यात चक्क वक्र आहे, तिथे सरळ रेषेचे कामच नाही. तिसऱ्यात दहा बिंदू एका रेषेत आणि एकच भलतीकडे, तो एकटा सगळी रेषा आपल्याकडे ओढतो. चौथ्यात दहा बिंदूंचा क्ष एकच म्हणजे ८ आहे आणि एक बिंदू दूर १९ वर. म्हणजे ती अख्खी रेषा एका बिंदूच्या भरवशावर उभी आहे.

हे तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. मी ते ग्राफ पेपरवर पेन्सिलने काढले. वीस-पंचवीस मिनिटे लागली. सॉफ्टवेअरमध्ये ते दोन मिनिटांत होते, पण एकेक बिंदू हाताने मांडताना "अरे, हा इथे कसा?" असे जे वाटते, तेच शिकण्यासारखे आहे. लॅबमध्ये रीडिंग घेऊन थेट "बेस्ट फिट लाइन" मारणाऱ्या आपल्या जर्नलांनाही हे लागू पडते.

तिसरा धडा : रीडिंग वाढवून काय जाते, काय जात नाही

वर्कशॉपमधला एक शाफ्ट घ्या आणि व्हर्निअरने त्याचा व्यास पंचवीस वेळा मोजा, शक्यतो चौघांनी मिळून आणि एकमेकांचे रीडिंग न बघता. सगळी रीडिंग सारखी येणार नाहीत. हा जो विखुरलेपणा, त्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन अर्थात स्टँडर्ड डेव्हिएशन. रीडिंग सरासरीपासून साधारण किती लांब पडतात, एवढाच त्याचा सरळ अर्थ. ओरलला हे सांगितले तरी पुरे.

समजा हे विचलन ०.०४ मि.मी. आले. एका रीडिंगऐवजी पंचवीस रीडिंगांची सरासरी घेतली, तर त्या सरासरीतले विचलन ०.०४ भागिले २५ चे वर्गमूळ, म्हणजे ०.००८ मि.मी. होते. ते आणखी निम्मे करायचे तर पन्नास रीडिंग पुरत नाहीत, शंभर लागतात. अचूकता दुप्पट हवी तर मेहनत चौपट, हा या विषयातला महागाईचा नियम!

पण आता त्या व्हर्निअरलाच झिरो एरर असेल तर? शंभर काय, हजार रीडिंग घ्या, सरासरी चुकीच्याच आकड्याशी जाऊन घट्ट बसेल. यादृच्छिक चूक रीडिंग वाढवल्याने कमी होते, एकाच बाजूला ढकलणारी चूक होत नाही. व्हिडिओत हे एका वाक्यात उरकले जाते. प्रत्यक्षात मात्र मोठमोठ्या सर्वेक्षणांची फसगत इथेच होते.

याचे फार चांगले उदाहरण आपल्या माणसाच्या कामात सापडते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव. शेतातल्या पिकाचा अंदाज घेण्यासाठी यादृच्छिक पद्धतीने एक तुकडा निवडायचा, तेवढ्यातले पीक कापून वजन करायचे, ही पद्धत देशात उभी करणाऱ्यांपैकी ते एक. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. त्याचे एक कारण साधे आहे. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने सीमा जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. असे कितीही लहान तुकडे कापले तरी हा फुगवटा जात नाही. देशात धान्य किती पिकले याचा हिशेब अशा तुकड्यांवर उभा असतो, म्हणजे प्रश्न नुसत्या गणिताचा नव्हता. आणि तो कळायला बांधावर उभे राहूनच पाहावे लागते.

चौथा धडा : वाक्य उलटे फिरवू नका

समजा एका कारखान्यात १०,००० सुटे भाग तयार झाले आणि त्यांतले १ टक्का सदोष आहेत. तपासणीचे यंत्र सदोष भागांपैकी ९५ टक्के पकडते आणि चांगल्या भागांपैकी ५ टक्क्यांना उगाच सदोष ठरवते. यंत्राने एक भाग बाद केला. तो खरोखर सदोष असण्याची शक्यता किती?

आमच्या विंगमध्ये हा प्रश्न मी बऱ्याच जणांना घातला. "पंच्याण्णव टक्के, यात काय विचारायचं!" असे बहुतेकांचे उत्तर. आता मोजू. सदोष भाग १००, त्यांतले ९५ पकडले. चांगले भाग ९,९००, त्यांचे ५ टक्के म्हणजे ४९५ उगाच बाद. एकूण बाद ५९०, त्यांतले खरे सदोष ९५. म्हणजे जेमतेम १६ टक्के! "सदोष असेल तर पकडला जाण्याची शक्यता" आणि "पकडला असेल तर सदोष असण्याची शक्यता" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. बेजचे प्रमेय पाठ असूनही माणूस इथे अडतो. टक्के सोडून प्रत्यक्ष डोकी मोजली की शाळेतल्या मुलालाही कळते.

पी-व्हॅल्यूचा घोळही याच जातीचा. एक नाणे वीस वेळा उडवले आणि पंधरा वेळा छापा आला. गणित केल्यावर पी-व्हॅल्यू सुमारे ०.०४ येते. याचा अर्थ "नाणे लबाड असण्याची शक्यता ९६ टक्के" असा नाही. अर्थ एवढाच की नाणे सरळ असते, तर दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला इतका किंवा याहून जास्त कल दिसण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाने आपापले सरळ नाणे वीस वेळा उडवले, तर त्यातही दोन-तीन जणांची नाणी "लबाड" ठरतील, आणि मासिकात छापून येतील ती नेमकी तीच! असो.

हा विषय कारखान्यातला आहे, हेही लक्षात ठेवा. आपण परीक्षेत जी स्टुडंटची टी-टेस्ट लिहितो तिचा कर्ता विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. तिथे प्रयोगाची रीडिंग मोजकीच मिळत आणि त्यावरूनच निर्णय घ्यावा लागे. थोड्या रीडिंगांवरून किती ठामपणे बोलावे, हा त्याचा प्रश्न. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लेख छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्याने "स्टुडंट" या टोपणनावाने लिहिले. म्हणजे ती टेस्ट विद्यार्थ्यांना छळण्यासाठी निघालेली नाही!

जे आकडे समोर नसतात

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या उदाहरणाकडे येतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी कोसळले आणि सातही अंतराळवीर गेले. कारण होते रॉकेटच्या सांध्यातले ओ-रिंग नावाचे रबरी कडे. थंडीत ते कडक झाले आणि सांधा नीट बंद झाला नाही.

आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आणि नासाचे अधिकारी यांच्यात फोनवर बैठक झाली होती. दुसऱ्या दिवशी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास राहील असा अंदाज होता. इंजिनिअरांनी उड्डाण नको म्हणून सांगितले. मग प्रश्न आला की थंडी आणि ओ-रिंगचे नुकसान यांचा संबंध आकड्यांतून दिसतो का? चर्चा झाली ती ज्या उड्डाणांत नुकसान झाले होते त्यांचीच. त्यांत गार हवेतले नुकसान होते तसे उबदार हवेतलेही होते, त्यामुळे संबंध स्पष्ट दिसेना.

चौकशी आयोगाने नंतर सगळी उड्डाणे एकत्र मांडली, नुकसान न झालेलीही. तेव्हा चित्र असे होते : सांध्याचे तापमान ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये नुकसान होते. ६३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७ अंश किंवा त्याहून कमी असताना झालेल्या चारही उड्डाणांत ते होते. चारपैकी चार! यासाठी फार मोठे गणित लागत नाही, बेरीज येणाऱ्याला हा तक्ता वाचता येतो. मात्र त्यासाठी कोणीतरी "ज्यात काही बिघडले नाही ती उड्डाणे कुठे आहेत?" असे विचारायला हवे होते.

त्या बैठकीतल्या माणसांना सरासरी आणि सहसंबंध नक्कीच येत होते. ज्यांनी धोका ओळखला त्यांनी तो बोलूनही दाखवला होता, आणि त्यांचे ऐकले गेले नाही याला वेळापत्रकाचा आणि वरिष्ठांचा दबाव हीही कारणे होती. तरीसुद्धा तो पूर्ण तक्ता समोर असता तर त्यांच्या म्हणण्याला केवढे बळ आले असते! उद्या आपल्यापैकी कोणी पुलाच्या, बॉयलरच्या नाहीतर ब्रेकच्या चाचणीचे आकडे बघत बसलेला असेल, तेव्हा चार पर्याय देणारी असाइनमेंट समोर नसेल.

मग करायचे काय?

मी पाळलेला आणि उपयोगी पडलेला क्रम सांगतो.

एक, व्हिडिओत उदाहरण आले की थांबवा आणि उत्तराचा अंदाज वहीत लिहा. मगच पुढे चालवा. ऐकलेले सगळे सोपे वाटते. अंदाज लिहिला की काय कळले नाही ते लगेच कळते. दीडपट वेगाने पळवायचेच असेल तर फक्त उजळणीला.

दोन, बारा आठवडे पुरेल असे स्वतःचे एक मोजमाप निवडा. मी रोज सकाळी गरम पाणी यायला लागणारी मिनिटे लिहीत होतो. तुम्ही मेसची रांग, एसटीचा उशीर, वायफायचा वेग, काहीही घ्या. आठवड्याला जे शिकाल ते या आकड्यांवर लावा. ज्या दिवशी नोंद राहिली त्या दिवशी रकाना रिकामा ठेवा आणि कारण लिहा. रिकामा रकाना ही सुद्धा माहितीच आहे.

तीन, पहिले तीन-चार आठवडे हाताने आणि साध्या कॅल्क्युलेटरने करा. नंतर स्प्रेडशीट, आर किंवा पायथन खुशाल वापरा. आर आणि पायथन दोन्ही फुकट आहेत. तयार उत्तर आता मोबाइलही देतो, पण केंद्रावर तो बाहेर ठेवावा लागतो.

चार, तिघा-चौघांचा गट करा आणि आठवड्यातून एक रात्र बसा. नियम एकच : सूत्र न म्हणता, मराठीत समजावून सांगायचे. "हायपोथिसिस रिजेक्ट झाली" असे नाही; "काय मानले होते, काय दिसले आणि म्हणून काय ठरवले" असे. दुसऱ्या शाखेचा एखादा मित्र गटात असेल तर उत्तम, तो भाबडे प्रश्न विचारतो आणि तेच अवघड असतात.

पाच, प्रत्येक उत्तराखाली दोन ओळी लिहा : हे आकडे कोणी, कसे गोळा केले? यात कोणते आकडे नाहीत?

आणि शिक्षकवर्गाला एक नम्र विनंती. ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट देताना पाच मिनिटांची एक छोटी ओरल ठेवता आली तर बघावे. विद्यार्थ्याने स्वतःची वही आणावी आणि सरांनी फक्त "का?" विचारावे. मुलांना सुरुवातीला जाचक वाटेल, पण व्हिडिओत जे नाही ते नेमके तेवढ्याने भरून निघेल.

कोर्स जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. नोंदणी करणारे नोंदणी करतीलच, पण त्याच दिवशी एक दोनशे पानी वही आणा आणि पहिल्या पानावर काय मोजणार ते लिहून टाका. ज्यांना गटात यायचे आहे त्यांनी शनिवारी जेवणानंतर रीडिंग रूममध्ये यावे. शाफ्ट आणि व्हर्निअर वर्कशॉपमधून रीतसर सही करून मागून ठेवले आहेत!